साठ लिटरची टाकी

आजवर किती गाड्यांमध्ये तेल भरलंस, असं भुईगावच्या फ्लॉसी मच्याडोला कधी विचारू नये. ती वैतागते. "मासळीवालीला विचारता का, आजवर किती पापलेटं कापलीस म्हणून?" असं उलट विचारते आणि पुढच्या गाडीकडे वळते.

बोळिंजच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर ती सकाळच्या पाळीला असते. अठरा वर्षं झाली. त्याआधी ती वाडीतली केळी आणि सोनचाफ्याची फुलं बाजारात नेऊन विकायची. पंपाच्या मालकाने 'महिला कर्मचारी पाहिजेत' असा फलक लावला, तो तिने बाजारातून परतताना वाचला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन उभी राहिली. गावात कुजबुज झाली. बाईमाणसाने हमरस्त्यावर उभं राहून परक्यांच्या गाड्यांत तेल ओतायचं, हे सासूला काही रुचलं नाही. नवऱ्याने मात्र एका वाक्यात विषय मिटवला. ऑस्टिन एसटीत ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "मी डिझेल जाळतो, ती डिझेल भरेल. घरातला धंदा घरातच राहिला."

ऑस्टिन डिझेल जाळायचा खरा, पण जपून. दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर चालली, हे एसटीत प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे लिहिलं जातं, आणि वसईच्या डेपोत ऑस्टिनचं नाव कायम वरच्या तिघांत असायचं. पुढे सिग्नल दिसला की हा दुरूनच पाय उचलायचा. स्टँडवर प्रवासी चढेपर्यंत इंजिन बंद. इंधनबचतीचं प्रशस्तिपत्र त्याला दोनदा मिळालं. दोन्ही चौकटीत घालून हॉलमध्ये, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या खालीच लावलेली आहेत.

अशा घरात त्यांचा मुलगा जेसन वाढला, आणि अशा घरात जेसनने ती गाडी आणली.

तोवर फ्लॉसीने पंपावर उभं राहून गाड्या बदलताना पाहिल्या होत्या. सुरुवातीला दुचाकी, टेम्पो आणि छोट्या मोटारी यायच्या. छोट्या मोटारीत नवरा-बायको, दोन पोरं, मागे आजी, आजीच्या मांडीवर पिशवी. टाकी पस्तीस लिटरची, तीही क्वचितच पूर्ण भरायची. मग बोळिंजला टोलेजंग सोसायट्या आल्या, आणि गाड्याही इमारतींसारख्या उंच होत गेल्या. फ्लॉसी मुळात ठेंगणी. आता काचेतून आत बघायला तिला टाचा वर कराव्या लागायच्या. आणि बघावं तर आत एकच माणूस. सात सीटा, दोन टन लोखंड, साठ लिटरची टाकी, आणि एक माणूस दाढी करायला निघालेला.

"जवळच तर आहे दुकान, चालत जा ना," असं तिने एकदा एकाला म्हटलं होतं. त्याने मॅनेजरकडे तक्रार केली.

मॅनेजर अल्पेश तिशीतला, मूळचा वलसाडकडचा, स्वभावाने बरा. तो म्हणाला, "आंटी, आपण तेल विकतो. लोक जास्त जाळतील तर आपलं चांगलंच आहे ना?"

"तुझं चांगलं आहे. तेल काय आपल्या विहिरीतून येतं का?" ती म्हणाली. कंपनीच्या प्रशिक्षणाला गेली असताना तिथल्या साहेबाने सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. देशात जळणाऱ्या दर शंभर थेंबांतले ऐंशीहून जास्त थेंब जहाजाने बाहेरून येतात. तिकडे कुठे लढाई पेटली, कुठे सामुद्रधुनी अडली, की इकडे पंपावर माणसं भांडायला लागतात. हे ऐकल्यापासून एकट्या माणसाने 'फुल्ल' म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची.

जेसनची पहिली गाडी छोटी होती, लिटरला अठरा किलोमीटर देणारी. गोरेगावच्या ऑफिसात बढती मिळाली, मेलिसाशी लग्न झालं, आणि मित्रांनी त्याच्या डोक्यात भरवलं की आता मोठी गाडी हवी. त्याने घरी विचारलंही नाही. रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पांढरी, डिझेलची, सात सीटांची गाडी उभी. फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर कळलं की गाडी फाटकातून आत जात नाही. फाटकाचा एक खांब तोडला आणि केळीचे दोन गड्डे काढून टाकले, तेव्हा कुठे ती अंगणात शिरली.

"घरात माणसं किती? चार," फ्लॉसी म्हणाली. "उरलेल्या तीन सीटांवर कोण बसणार?"

"आई, सेफ्टी बघ. उंची बघ. रस्ते कसे आहेत बघ."

"किती देते?"

"देईल बारा-तेरा."

"कागदावर. गावात किती देते?"

जेसन गाडी पुसायला लागला. फ्लॉसीला ते ठाऊकच होतं. त्या जातीच्या गाड्या दर चौथ्या दिवशी तिच्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. गर्दीत त्या नऊच्या वर जात नाहीत.

तिला वाटलं, निदान ऑस्टिन तरी पोराचा कान धरेल. पण ऑस्टिन पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि लहान मुलासारखा हरखला. "फ्लॉसी, इथून एसटीसारखं दिसतं," तो म्हणाला, "सगळ्यांच्या डोक्यावरून." तिने कपाळावर हात मारून घेतला.

हे सारं झालं पावसाळा संपता संपता. नाताळ झाला, आणि नव्या वर्षाच्या तोंडावर तेलाचे टँकर चालवणाऱ्यांनी संप पुकारला.

पहिल्या दिवशी सकाळी पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांत तीन दिवस पुरेल एवढा साठा होता. फ्लॉसीने स्वतः मोजपट्टी सोडून पाहिलं होतं. पण सकाळी नऊला मोबाइलवर निरोप फिरायला लागले, आणि दहाला रांग बोळिंजच्या वळणापर्यंत गेली. तिने एकामागून एक झाकणं उघडली, आणि तिला एकच गोष्ट दिसत गेली. निम्म्या गाड्यांच्या टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या होत्या. या माणसांना आज तेलाची गरज नव्हती. उद्या मिळणार नाही म्हणून ती आज आली होती, आणि ती आज आली म्हणूनच उद्या मिळणार नव्हतं. छोट्या गाडीत पंधरा लिटर गेलं की टाकी भरायची. उंच गाड्या तीस, पस्तीस, चाळीस लिटर पिऊन वर म्हणायच्या, "अजून थोडं बसेल, हलवून बघा."

दुपारपर्यंत पेट्रोल संपलं. दुचाकीवाले कोरडेच परतले.

पाळी संपवून निघताना ती अल्पेशला म्हणाली, "उद्या डिझेलचं असं होऊ द्यायचं नाही. कोणालाही दहा लिटरच्या वर नको. अँब्युलन्स, दुधाच्या गाड्या आणि पाण्याचे टँकर मात्र लागेल तेवढं घेतील, आणि रांगेत उभे राहणार नाहीत."

अल्पेशने मान खाजवली. "लोक मारतील, आंटी."

"मला मारतील. तू आत केबिनमध्ये बस."

त्याच संध्याकाळी घरी जेसन म्हणाला, "आई, परवा आम्ही गोव्याला निघतोय. पन्नास लिटर बाजूला ठेवायला सांग ना अल्पेशला."

"डिझेल काय दुकानातलं दूध आहे, पातेल्यात काढून झाकून ठेवायला? ये रांगेत. सगळ्यांना मिळेल तेवढं मिळेल."

त्याला वाटलं, आई नेहमीसारखी बोलते आहे. प्रसंग आला की देईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून डिझेलची रांग लागली. ऊन चढलं. दहाच्या सुमाराला फ्लॉसी नोझल सहकाऱ्याच्या हाती देऊन रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली, माणसांना दहा लिटरचं सांगायला. आणि तिथे तिचं डोकंच फिरलं. चाळीसेक गाड्या उभ्या होत्या, आणि त्यातल्या तीसएक गाड्यांची इंजिनं चालू. काचा बंद, आत एसी, माणसं मोबाइल बघत बसलेली. तासतासभर. तेल मिळवण्यासाठी ही माणसं तेल जाळत होती.

ती एकेका काचेवर बोटांनी टकटक करत सुटली. "इंजिन बंद करा. रांग हलली की चालू करा. बंद करा इंजिन."

कोणी बंद केलं, कोणी हसलं. एकाने काच दोन बोटं खाली करून "बाई, ऊन आहे" म्हटलं आणि पुन्हा वर केली.

"मी काय सावलीत उभी आहे?" ती काचेला म्हणाली.

अशीच एका पांढऱ्या गाडीच्या काळसर काचेवर तिने जरा जोरातच टकटक केली. काच खाली आली. आत जेसन. मागे मेलिसा. पुढच्या सीटवर, पोटावर हात बांधून, इंधनबचतीची दोन प्रशस्तिपत्रं मिळवलेला ऑस्टिन. इंजिन घरघरत होतं आणि आतून गार वारा तिच्या घामेजल्या तोंडावर आला.

मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"मी बंद कर म्हणालो त्याला," ऑस्टिन म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. तू दिसलीस तेव्हा."

मागच्या सीटवर मेलिसाला हसू आलं आणि तिने ते ओढणीत दाबलं. जेसनने इंजिन बंद केलं. फ्लॉसी पुढे गेली, पण टकटक करायचा हुरूप सरला होता.

अकराच्या पुढे जेसनची गाडी नोझलपाशी आली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने पांडूचा पाण्याचा टँकर आत शिरला. पांडू मिठागरांकडच्या गावातला, पन्नाशी उलटलेला. पश्चिमेच्या विहिरींवर पाणी भरायचं आणि विरार पूर्वेला फुलपाड्याच्या इमारतींना पोचवायचं, हे त्याचं रोजचं काम. फ्लॉसीचं आणि टँकरवाल्यांचं एरवी कधी पटलं नाही. गावच्या विहिरी उपसून नेतात म्हणून ती त्यांच्यावरही खार खाऊन असायची. पण तहानलेल्या माणसाचं पाणी अडवायचं कसं?

"फ्लॉसीबाय, काटा लाल झाला गं," पांडू खिडकीतून ओरडला. "तीन बिल्डिंगींना कालपासून पानी नाय. बाया हंडे घेऊन खाली उभ्या हायत."

रांगेतला एकजण उतरून पुढे आला. "आम्ही दोन तास उभे आहोत. हा मधूनच कसा घुसला?"

"तुमच्या सोसायटीत पाणी कसं येतं?" फ्लॉसीने विचारलं.

तो माणूस परत गाडीत जाऊन बसला. बोळिंजच्या निम्म्या सोसायट्यांना पाणी टँकरनेच येतं.

पांडूच्या टँकरला एका खेपेला चारएक लिटर लागायचं. तिने त्याच्या टाकीत चाळीस भरलं. दहा खेपा. मग ती जेसनच्या गाडीकडे वळली, झाकण उघडलं, शून्य दाखवलं आणि दहा लिटर भरून नोझल काढलं.

"आई," जेसन हळू आवाजात म्हणाला, "फुल्ल कर."

"दहा झालं."

"दहा लिटरमध्ये गोव्याला कसा जाऊ?"

"दहा लिटरमध्ये तुझी जुनी गाडी नाशिक गाठायची. हिला विचार, ही कुठवर जाते."

"लोक बघतायत, आई."

"बघू देत. काल यांनी तीस-तीस, चाळीस-चाळीस लिटर नेलं आणि दुधवाल्याचा पोरगा मोपेड ढकलत घरी गेला, तेही सगळ्यांनी बघितलं. तुझ्या टाकीत चाळीस लिटर अजून बसेल. म्हणजे त्या पांडूच्या दहा खेपा. फुलपाड्याच्या तीन इमारती. तू त्या गोव्याला घेऊन जाणार, समुद्र बघायला. घराच्या मागे समुद्र आहे, जेसन! चालत दहा मिनिटं!"

ती ओरडत होती हे तिला स्वतःलाच उशिरा कळलं. मागच्या गाडीतल्या कोणीतरी शिट्टी मारली. कोणी मोबाइल वर धरला. जेसनचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याने गाडी सुरू केली आणि तो निघून गेला. ऑस्टिनने जाताना फ्लॉसीकडे पाहिलं, पण त्या नजरेत राग होता की शाबासकी, ते तिला उमगलं नाही.

एक वाजून गेल्यावर डिझेल तळाला गेलं. तिने 'साठा नाही' असा पुठ्ठा दोरीला अडकवला आणि पुढचा तासभर रांगेतल्या माणसांच्या शिव्या ऐकल्या. "तुम्ही लोकांनीच लपवून ठेवलंय," एक बाई काच खाली करून म्हणाली. तिचं इंजिन अर्थातच चालू होतं.

संप दोन दिवसांनी मिटला. तेलाचे टँकर आले. आणि फ्लॉसीला वाटलं होतं की माणसं काही शिकतील, तर माणसं एवढंच शिकली की टाकी कायम भरलेली ठेवावी. आठवडाभर जो तो काठोकाठ भरून जात होता. भुईगावात शेजारच्या गॉडफ्रेने तर जाहीरच केलं की आता अजून मोठ्या टाकीची गाडी घ्यायची, म्हणजे संप आला तरी चिंता नाही. तिने त्याच्या अंगणात उभं राहून, घरच्या बोलीत, त्याला जे सुनावलं ते तीन वाड्या पलीकडे ऐकू गेलं. गॉडफ्रेने गाडी घेतलीच.

जेसन तिच्याशी अकरा दिवस बोलला नाही. गोवा रद्द झालं. तो ऑफिसातून यायचा, जेवण वर खोलीत मागवायचा. फ्लॉसी भांडी आपटायची. एका दुपारी मेलिसा तिच्याजवळ येऊन बसली, वालाच्या शेंगा सोलायला.

"मम्मी, तुमचं बरोबर होतं," मेलिसा म्हणाली. "पण तुम्ही दहा लिटर देऊन गप्प राहिल्या असत्यात तरी चाललं असतं. बाकीचं घरी बोलायचं. तो त्या पंपावर आता कधीच जाणार नाही."

फ्लॉसीने दोन-तीन शेंगा सोलल्या. "मला त्याला नाही बोलायचं होतं," ती म्हणाली. "त्या सगळ्यांना बोलायचं होतं. हाताशी तो सापडला."

हे म्हटल्यावर तिला वाईट वाटलं. एकट्या जेसनच्या गाडीने देशाचं तेल संपत नाही, हे तिलाही कळत होतं. पण तिच्यासमोर रोज एकेकटा माणूसच यायचा. देश म्हणून कोणी कधी रांगेत येऊन उभं राहिलं नव्हतं. मग बोलायचं कोणाला?

बाराव्या दिवशी तिने त्याच्या खोलीत चहा नेला. "मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," ती दारातूनच म्हणाली. "जे बोलले ते मात्र बरोबर होतं."

"ही माफी आहे की पुन्हा तेच?" जेसनने विचारलं.

"अर्धं-अर्धं."

त्याला हसू आलं नाही, पण त्याने चहा घेतला.

मग ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा काळ आला. दर वर्षी राखेच्या बुधवारी घरातले सगळे काही ना काही सोडतात. ऑस्टिन तंबाखू सोडतो, फ्लॉसी गोड सोडते. जेसन दर वर्षी बिअर सोडायचा. या वर्षी मेलिसा जेवताना सहज म्हणाली, "चाळीस दिवस गाडी सोडून बघ. बिअर तर तू तसाही फारशी पीत नाहीस."

फ्लॉसीने ताटातून मान वर केली नाही. एक शब्द काढला तर तो हट्टाने नाही म्हणेल, हे तिला माहीत होतं. आयुष्यात एवढं गप्प राहणं तिला क्वचितच जमलं होतं.

जेसनने गाडी सोडली. चिडत, कुरकुरत, पण सोडली. मेलिसाच्या स्कूटरवर तो स्टेशन गाठायला लागला, कधी बसने. गाडीवर चाफ्याची पानं साचली. ऑस्टिन संध्याकाळी जाऊन पुढच्या सीटवर नुसताच बसून यायचा.

ईस्टरच्या सकाळी जेसन नवे कपडे घालून किल्ली फिरवत बाहेर आला. "चाळीस दिवस संपले," तो म्हणाला. "चला, बसा सगळे."

चर्च घरापासून सातशे पावलांवर.

ऑस्टिन लगेच चढला. मेलिसाने फ्लॉसीकडे पाहिलं, फ्लॉसीने पदर खांद्यावर घेतला, आणि दोघी चालायला लागल्या. पहिल्या वळणावर गॉडफ्रेची नवी गाडी समोरून येत होती. त्याने बायकोला चर्चपाशी सोडलं होतं आणि आता आईला न्यायला तो परतत होता. दोन्ही गाड्यांचे आरसे एकमेकांना टेकले. ना ही मागे जाई, ना ती. जेसनच्या मागे आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या. भिंत आणि दार यांच्यात वीतभर जागा. दोघी साड्या सावरत, अंग चोरून त्या फटीतून पुढे सरकल्या.

"आई," जेसनने काच खाली केली, "त्या गॉडफ्रे अंकलना जरा मागे घ्यायला सांग ना!"

फ्लॉसीच्या तोंडात बरंच काही आलं. तिने ते गिळलं. "मिस्सा सुरू होईल," एवढंच ती म्हणाली आणि पुढे गेली.

प्रवेशगीत संपता संपता जेसन घामाघूम होऊन आत आला आणि त्यांच्या मागच्या बाकावर बसला. एकटाच. गाडी ऑस्टिनच्या हवाली करून तो पायीच आला होता. ऑस्टिन शेवटपर्यंत आलाच नाही. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरने चार गाड्या एकेक करून मोकळ्या केल्या, त्याला पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात मिस्सा आटोपली.

गाडी अजून अंगणात आहे. रविवारी निघते, लांबच्या लग्नाला निघते. ऑफिसला मात्र जेसन आता स्कूटर आणि बसनेच जातो; गाडीबद्दल कोणी विचारलं तर पार्किंग मिळत नाही असं सांगतो. फ्लॉसी त्यावर काही बोलत नाही. पंपावर ती बोलतेच. परवाही एकाला म्हणाली, "तीस लिटर आहे आत, अजून कशाला?" त्याने अल्पेशकडे तक्रार केली. अल्पेशने ती लिहून घेतली आणि फ्लॉसीला चहा पाठवला.